टिकले ते थोर?

एखादी संस्था, एखादी रूढी, क्वचित एखादे वयोवृद्ध गृहस्थ नव्या काळाशी जुळवून घेत नाहीत असे दिसले, की आपण त्यांना ‘डायनोसॉर’ म्हणून मोकळे होतो. जो नामशेष झाला तो नामशेष होण्याच्याच लायकीचा होता, असा निवाडा त्या एका शब्दात दडलेला असतो. हा निवाडा न्याय्य आहे काय?

साक्षीसाठी दूर जावयास नको. तळोज्याच्या भोवतालच्या टेकड्यांचा काळा पाषाण, जो फोडून आपण रस्त्यांसाठी खडी करतो, तो म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतील भेगांतून तो लाखो वर्षे थरावर थर चढवीत वाहत होता. त्याच सुमारास, आजच्या मेक्सिकोतील युकातानच्या किनाऱ्यावर सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह कोसळला. लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० साली हे अनुमान मांडले, ते इटलीतील गुब्बिओ येथील मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू विपुल आढळल्यावरून. १९९१ मध्ये चिक्शुलुबचे विवर त्या आघाताचे म्हणून ओळखले गेले. धूळ, काजळी आणि गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडविला, हिरवी सृष्टी कोमेजली आणि तिच्यावर जगणारे उपाशी मेले. या संहारात आपल्या दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, हा वाद विद्वानांत अजून चालूच आहे. पक्ष्यांचे कूळ तेवढे तगले; बाकी सारे डायनोसॉर गेले.

जाण्यापूर्वी ते १६ कोटींहून अधिक वर्षे या पृथ्वीवर नांदले होते. आपली मानवजात जेमतेम ३ लाख वर्षांची! आणि त्यांना बदल मानवत नव्हता, हे तरी खरे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. ती अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांची मानली जाते. २००५ साली तिचे परीक्षण प्रसिद्ध झाले, तेव्हा तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले, काही तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे. गवत ही तेव्हा सृष्टीतील नवी नवलाई होती. ज्यांना आपण हेकट ठरवितो, त्यांनी नवा घास केव्हाच तोंडी लावला होता.

आपले सस्तन पूर्वज वाचले. पण कोणत्या पुण्याईने? देह लहान, भूक थोडी, बिळात दडण्याची सवय. आकाशातून काय येणार आहे हे ओळखून त्यांनी ही सवय लावून घेतली नव्हती.

लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाचा उल्लेख आहे. त्याखाली चिरडलेले अठराजण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभू येशू स्वतःच ‘नाही’ म्हणतात. ऐकणाऱ्यांना ते उत्तर रुचले असेल असे वाटत नाही. मेलेल्याच्या माथी दोष असला, की जिवंत माणसाला निश्चिंत झोप लागते.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून हजारो कामगार कायमचे बाहेर पडले, तेव्हा ‘काळाची पावले त्यांना ओळखता आली नाहीत’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. संपाच्या निर्णयाची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु साच्यावर वीस वर्षे राबलेल्या विणकराच्या अंगी कोणता गुण उणा होता? औद्योगिक वसाहतीच्या आधाराने जगणाऱ्या तळोज्यासारख्या ठिकाणी एखाद्या कारखान्याला टाळे लागले, तर हेच बोल शेजाऱ्याच्या, प्रसंगी घरच्यांच्याही तोंडून ऐकू येतात. आणि ते मुलांच्या कानांवर पडतात.

मग कष्टांना आणि दूरदृष्टीला किंमतच नाही काय, असे कोणी विचारील. आहे, ज्याने शहाणपणाने घर सावरले त्याचे कौतुक करावेच. त्यावरून ज्याचे घर सावरले नाही तो मूर्ख होता, हे मात्र सिद्ध होत नाही. अपघातातून, पुरातून सुटलेले कुटुंब ‘देवाने आम्हांला वाचविले’ म्हणते, तेही मनापासूनच. पण त्याच पुरात पलीकडच्या घरचा मुलगा गेलेला असतो, आणि त्याची आईही ते शब्द ऐकत असते. उपकारस्तुतीची मिस्सा सांगावी. तीत त्या मुलाचेही नाव द्यावे, आणि त्याच्या आईला आधी भेटून तसे विचारावे.