पगार उशिरा, हप्ता वेळेवर

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर किती कर्ज होणार, हे विषयापेक्षा तो कुठे राहून शिकतो यावर जास्त ठरते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी वसलेल्या बोरी बुद्रुकमधून नारायणगाव, आळे, ओतूर किंवा जुन्नरच्या महाविद्यालयात एसटीच्या पासावर ये-जा करता येते. अनुदानित तुकडीत प्राध्यापकांचा पगार सरकार देते, त्यामुळे फी बेताची असते. टोमॅटोच्या विक्रीच्या एखाद्या बऱ्या पट्टीतून ती भागते. पुण्यातल्या विनाअनुदानित तुकडीचा हिशेब वेगळा. तिथे फी कितीतरी जास्त, शिवाय खोलीभाडे, मेस आणि डिपॉझिट. कर्ज काढायची वेळ येते ती बहुधा याच वाटेवर.

समजा, दरवर्षी 1 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 3 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने उचलले. 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घरात हे कर्ज जाणवतच नाही. सरळव्याज मात्र चढत असते. पहिल्या लाखावर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे, मिळून 90,000 रुपये होतात. हे व्याज मुद्दलात मिळवून 3,90,000 रुपये दहा वर्षांत फेडायचे ठरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,150 रुपये बसतो आणि एकूण भरणा 6 लाख 18 हजारांच्या घरात जातो. सात वर्षांत मोकळे व्हायचे तर हप्ता 6,470 च्या आसपास. शिकत असतानाच व्याज भरत राहिले तर हा फुगवटा टळतो, पण त्यासाठी घरात दर महिन्याला रोकड लागते, आणि शेतीचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही.

हा हप्ता कोणत्या कमाईतून जाणार? पदवीधर नवख्याच्या कामाचे मोल सरकारने स्वतःच ठरवून दिलेले आहे. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांत 2019 साली पदवीधरासाठी किमान विद्यावेतन 9,000 रुपये ठरले. महाराष्ट्राच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ते 10,000 रुपये आहे. औषध कंपनीच्या गुणवत्ता-नियंत्रण विभागात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेल्याला सुरुवातीला 18,000 मिळाले असे धरू. पुण्यातल्या खोलीला आणि मेसला 9,000 गेले, हप्त्याला 5,150 गेले, तर हातात 3,850 उरतात. जाण्यायेण्याचा खर्च, फोन, आजारपण सगळे त्यातच. अशा मुलाचा हप्ता बऱ्याचदा घरून भरला जातो, आणि मग कर्ज मुलाचे की बापाचे हा भेद कागदावरच राहतो.

जीवशास्त्राची खरी किंमत वरच्या पायऱ्यांवर मिळते. एम.एस्सी. करून सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी तो आकडा 42,000 होतो. पण ही परीक्षा फार थोड्यांना साधते, आणि तोवर वय तेवीस-चोवीस झालेले असते. संशोधन इथल्या मुलांना अनोळखी नाही. बोरीच्या नदीकाठी टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि जुन्नरच्या बिबट्यांवर अभ्यास झालेले आहेत. मात्र अशा कामांत शिरणारा तरुण प्रकल्पाच्या मुदतीपुरता साहाय्यक म्हणून शिरतो. प्रकल्प संपला की पगारही थांबतो. बी.एस्सी.चे कर्ज डोक्यावर घेऊन एम.एस्सी.ला बसायचे तर बँकेकडून मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि वाढीव मुदतीचे व्याजही चालूच राहते. म्हणून पहिली पदवी शक्यतो बिनकर्जाची करावी आणि कर्जाची ताकद एम.एस्सी.साठी राखून ठेवावी, हा हिशेब जास्त शहाणपणाचा दिसतो.

याच घरातल्या दुसऱ्या कर्जाशी तुलना केली तर विसंगती डोळ्यांत भरते. विकास सोसायटीमार्फत मिळणारे 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर महाराष्ट्रात 2021 पासून त्यावर व्याज पडत नाही. म्हणजे टोमॅटोच्या रोपांसाठी घेतलेला पैसा बिनव्याजी, आणि लेकीच्या सूक्ष्मजीवशास्त्रासाठी घेतलेला दहा टक्क्यांचा. 2017 आणि 2019 च्या शेतकरी कर्जमाफ्यांतही शैक्षणिक कर्ज नव्हते. 2024 ची पीएम-विद्यालक्ष्मी योजना व्याजात 3 टक्के सवलत देते, पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे.

ऑस्ट्रेलियाने 1989 पासून वेगळी पद्धत ठेवली आहे. तिथे फीची परतफेड पगार ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच करांबरोबर कापली जाते; पगार त्याखाली असेल तर वसुली थांबते. सावकाश कमाई देणाऱ्या विषयांना ही रचना मानवते. आपल्या बँकेचे वेळापत्रक अभियंत्याला आणि प्राणिशास्त्रज्ञाला एकच असते. अर्थात, शेतीच्या उत्पन्नाची नोंदच करखात्याकडे नसलेल्या देशात ती पद्धत जशीच्या तशी आणणे सोपे नाही.

पगारी नोकरी सोडूनही या पदवीचा एक उपयोग आहे, आणि जुन्नरसारख्या द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात तो सर्वांत जवळचा. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी 2015 मध्ये पात्रता ठरवली गेली, तेव्हा कृषी पदवीबरोबर जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवविज्ञान आणि रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्रासह बी.एस्सी. हेही ग्राह्य धरले गेले. कृषी सेवा केंद्रात कीटकनाशके विकायला त्यामुळे हीच पदवी पुरते. दुकानाला भांडवल लागतेच, आणि माल उधारीवर द्यावा लागतो. शेतकरी पट्टी आल्यावर पैसे देतो. अशा धंद्यात पहिली दोन-तीन वर्षे रोकड अडकून राहते. त्यात महिन्याला 5,150 रुपयांचा शैक्षणिक हप्ता असला तर दुकानदाराला हंगामाच्या तोंडावर माल कमी भरावा लागतो.