पावती घेणारा देव

दुसऱ्याच्या पैशातून पुण्य लागतं का? आमच्या बिदर जिल्हा बँकेचे अध्यक्ष राहिलेले गुरुपादप्पा नागमारपल्ली गेले तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते वारले. कमठाण्यात पारावर, दुकानापाशी, बिदरच्या बसमध्ये जो तो हळहळत होता, पुण्यवान माणूस गेला म्हणून. आमच्या भजनी मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मात्र शंका काढली. "बँकेनं वाटलं ते ठेवीदारांचं. तेही व्याजासकट परत घेतलं. यात दानधर्म कुठं आला?" त्यांचं बोलणं मला लागलं, पण ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. धर्माच्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाला धर्माच्याच बाजूने उत्तर द्यायला हवं.

नागमारपल्ली साहेब औरादहून आणि पुढे बिदरहून आमदार झाले, मंत्री झाले. त्यांनी पक्ष बदलले, निवडणुका जिंकल्या आणि हरल्याही. ते राजकारण मी इथे मांडत नाही. मला बोलायचं आहे ते बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या अध्यक्षाबद्दल. ही बँक निजामाच्या राजवटीतली, १९२२ सालची. गावच्या सोसायटीत कर्ज मिळायचं ते ज्याच्या नावावर पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, त्याला. जमीन बाप्याच्या नावावर, मग बाईला कोण विचारतो? नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे आमच्या जिल्हा बँकेने ते काम असं अंगावर घेतलं की गावोगावच्या सोसायट्यांमार्फत हजारो गट उभे राहिले, आणि परराज्यांतली माणसं बिदरला ते बघायला येऊ लागली. नारंजा साखर कारखाना झाला, सहकारी तत्त्वावरचं इस्पितळ झालं, त्याला आज त्यांचंच नाव आहे. ही कामं मोठीच. पण माझ्या लेखी त्यांचं खरं काम म्हणजे पहाणी नसलेल्या बाईच्या सहीवर बँकेने पैसे मोजले, हे.

मी उदगीरची लेक, कमठाण्यात नांदायला आले. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. चार बुकं शिकलेली म्हणून गटाची वही माझ्याकडे आली. पत्र्याची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. आठवड्याला दहा रुपये बचत, गटातल्या गटात शेकडा दोनने कर्ज. गावातला सावकार पाच म्हणायचा.

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते, आणि आम्हा बिदरकरांना तर ती घरचीच वाटते. मंगळवेढ्याला दुष्काळात दामाजींनी बेदरच्या बादशहाचं कोठार लुटवलं, बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं पाठवली, आणि पंढरीचा राणा विठू महार होऊन मोहरांची थैली घेऊन इथे, या बेदरच्या दरबारात आला. कीर्तनकार इथे थांबतात, डोळे पुसतात. मी त्याच्या पुढच्या प्रसंगाशी थांबते. विठू महाराने पैसे भरले आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना त्यांच्या पोथीत सापडली.

देवाला काय अवघड होतं? बादशहाच्या मनात दया उपजवता आली असती. रिकामं कोठार रातोरात भरता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. धान्य ज्याचं होतं त्याला त्याचा दाम पोचवला, पुरता पोचवला, आणि वर लेखी घेतलं. महिपतींनी 'भक्तविजया'त ही कथा सांगितली ती भक्ताच्या मोठेपणासाठी, पण मला त्यात धन्याचा हक्कही जपलेला दिसतो. दामाजी दयाळू होते, पण त्यांची दया दुसऱ्याच्या कोठारातून वाहिली होती. तो हिशेब कुणाला तरी पुरा करावाच लागणार होता.

तुकोबांचंही तसंच. त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अर्धी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची होती. ती त्यांनी भावाला दिली आणि पाण्यात सोडली ती फक्त आपल्या वाट्याची. एवढा विरक्त माणूस, पण दुसऱ्याचा कागद बुडवायला त्याचा हात धजला नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात, कल्याणला, बाराव्या शतकात बसवण्णा बिज्जळ राजाचे भांडारी होते. दासोहावर, म्हणजे शिवभक्तांच्या सेवेवर, राजाचा खजिना उधळतात अशी चुगली झाली, राजाने मोजदाद केली, आणि खजिना पुरता भरला, असं पुराण सांगतं. कष्टाचं कायक आणि दासोह शिकवणाऱ्या या महापुरुषाच्या कथेतही तिजोरी मोजली जाते, हे विसरू नये.

म्हणून त्या गृहस्थांना माझं सांगणं असं. बँकेच्या अध्यक्षाने खतं बुडवली तर तो तुकोबा होत नाही, कारण त्यातला एकही कागद त्याच्या वाट्याचा नसतो. कुणा म्हाताऱ्याची आयुष्याची पुंजी त्या तिजोरीत असते. अध्यक्षाचं औदार्य सूट देण्यात बघायचंच नाही. कर्ज कुणाला दिलं, तिथे बघायचं. ज्याच्यापाशी तारण नाही, ज्याच्या शब्दाची आजवर कुणी किंमत केली नाही, त्याच्यावर भरवसा टाकण्याची जोखीम त्याने आपल्या नावावर घेतली का? नागमारपल्ली साहेबांनी ती घेतली. पैसा ठेवीदारांचा होता, पण भरवसा त्यांचा स्वतःचा होता. त्या भरवशाचं पुण्य लागत असेल, असं मी मानते.

आमच्या गटात एक विधवा बाई होती. शेतमजुरी करायची. गटाला सोसायटीमार्फत बँकेचं कर्ज मिळालं तेव्हा तिने देवणी गाय घेतली. पहिले काही हप्ते वेळेवर आले. मग पाऊस दगा देऊन गेला. उडीद-मूग हाती लागले नाहीत, मजुरी बंद पडली, कडबा महागला. बैठकीला ती यायची ती दाराशीच बसायची. गटातल्या दोघीतिघींनी ठरवलं की तिचं उरलेलं आपण सगळ्यांनी वाटून घ्यावं आणि विषय मिटवावा. मी ठराव लिहायला वही उघडली. ती उठून पुढे आली आणि वहीवर हातच ठेवला. हाताला शेणाचा वास होता, नखं तुटलेली. म्हणाली, "माफ करू नका बाई, मुदत द्या. आज माफ केलं तर उद्या कुठल्या तोंडानं मागू?"

आम्ही मुदत दिली. तोवरचा बँकेचा हप्ता गटाने भरला, आणि सावकाशीने तिने तो गटाला फेडला. भीक घेणाऱ्याला दुसऱ्यांदा हात पसरताना लाज वाटते. कर्ज फेडणारीला दुसऱ्यांदा मागताना लाज वाटत नाही, तो तिचा हक्क असतो. दान घेतल्याने तिचं पोट त्या महिन्यापुरतं भरलं असतं. फेडल्याने ती आमच्या बरोबरीची राहिली.

सरसकट कर्जमाफीबद्दल माझं मन साशंक आहे ते यामुळेच. २००८ साली केंद्राची मोठी माफी झाली. गळफासाशी आलेल्या शेतकऱ्याला तिने हात दिला असेल, त्याला माझी ना नाही. पण पोटाला चिमटा घेऊन वेळेवर भरणाऱ्याला त्यातून काय कळलं?

तरी वसुलीलाच धर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वसुलीच्या नावाखाली काय चालतं ते आम्ही पाहिलं आहे. खासगी मायक्रोफायनान्सवाल्यांची पोरं दारात बसतात, चारचौघांत बाईला बोलतात. हे इतकं वाढलं की २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. त्यांच्याकडेही गटच असतात, तेवढ्याच बायका, तीच एकमेकींची जामिनकी. फरक एवढाच की आमच्या पेटीची किल्ली आमच्यातल्याच एकीकडे होती आणि मुदत द्यायची की नाही हे आम्ही समोरासमोर बसून ठरवत होतो. हप्ता चुकवणारीच्या घरात चूल पेटली की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वसुलीला जाऊच नये.

आमच्या गटातल्या शेजारच्या आपा हे माझ्याआधी सांगायच्या. कुराणात आहे म्हणायच्या, की देणेकरी अडचणीत असेल तर त्याचे दिवस सुधारेपर्यंत थांबा, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. मी त्यांना तुकोबांची खतं सांगितली, त्यांना ती फार आवडली. पण व्याजावर आमचं कधी जमलं नाही. व्याज हरामच, मग ते गटाचं का असेना, हे त्यांचं मत. मी म्हणायची, आपा, हे व्याज सावकाराच्या घरी जात नाही, वर्षाअखेरी आपल्याच पेटीत येतं. त्या मान हलवायच्या. वाटणीच्या दिवशी त्या आपली बचत तेवढी मोजून घेत आणि व्याजाचा हिस्सा वहीत तसाच ठेवायला लावत, ज्या कुणाचा हप्ता अडेल तिच्यासाठी. त्या विधवेचे दोन हप्ते त्यातूनच भरले गेले होते. मी तसं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग ते परत घेतलंत का तिच्याकडून?" घेतलं होतं. त्या रकमेची नोंद मी त्यांना वहीत दाखवली आणि त्यांनी तिच्यावर बोट ठेवून ती नीट वाचून घेतली.