धरावें आणि मारावें

चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसाव्यांच्या समाधीचें दर्शन घेऊन मुंबईच्या रस्त्यानें वडगांव मावळाकडे निघालें, म्हणजे दोन्ही बाजूंस कारखान्यांच्या भिंती लागतात. याच मुलखांत 1779 च्या जानेवारींत इंग्रजांची फौज येऊन ठेपली होती, हें आज सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बोरघाट चढून ती 9 तारखेस तळेगांवास पोंचली, तों गांव जळालेलें. आणि आणखी पुढें पाऊल टाकल्यास चिंचवड व खुद्द पुणेंहि मराठे आपल्या हातांनीं जाळून टाकणार, अशी वार्ता तिच्या कानीं आली. फौज मागें फिरली, वडगांवास कोंडली गेली आणि 16 जानेवारीस तिला तह करावा लागला. हा आपला विजय खरा. पण ती फौज आली होती कशासाठीं? मारल्या गेलेल्या पुतण्याच्या गादीवर चुलत्यास बसविण्यासाठीं! वाड्यांतील भांडण वाड्याच्या भिंतींआड राहील असें ज्यांस वाटत होतें, त्यांच्यामुळें मावळांतल्या कुणब्याच्या घराची राख झाली.

मूळ प्रसंग सर्वश्रुत आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजीं थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी शनिवारवाड्यांत घुसले. नारायणराव पेशवे तेव्हां अवघे 18 वर्षांचे. ते धांवत जाऊन त्याच वाड्यांत नजरकैदेंत असलेल्या राघोबादादांस बिलगले, आणि तेथेंच त्यांच्यावर तलवारी चालल्या. चुलत्यास पुतण्यानें कडक वागविलें होतें, त्याचा अपमानहि झाला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. घराघरांत असें होतें. परंतु अपमानाचें दुःख ही एक गोष्ट आणि खुनाचा जबाब ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीवर पांघरूण घालण्यासाठीं आमच्या भाषेंत एक मोठा सोयीचा शब्द आहे. तो म्हणजे भाऊबंदकी. खाडिलकरांनीं 1909 सालीं याच कथेवर लिहिलेल्या नाटकास तेंच नांव दिलें. हा शब्द उच्चारला कीं गुन्हेगार कोणी उरत नाहीं. सर्वांचें थोडें थोडें चुकलें असें होतें, आणि मेलेल्या मनुष्याचेंहि चुकलें असें ठरवून मंडळी पानावर बसतात. रामशास्त्री प्रभुण्यांनीं ही भाऊबंदकी मानली नाहीं. हा खून आहे असें मानून चौकशी आरंभिली. ज्याच्याविषयीं चौकशी, तोच पेशवाईचीं वस्त्रें मिळविण्याच्या खटपटींत; आणि चौकशी करणारा त्याच दौलतीचा चाकर. ग्रांट डफच्या म्हणण्याप्रमाणें सुमारे सहा आठवडे हें काम चाललें. शास्त्रीबोवांची भर दरबारांतली बाणेदार वाणीच आम्ही मुलांस शिकवितों. त्यापूर्वींच्या त्या सहा आठवड्यांची, एकेकास बोलावून मुकाट्यानें विचारपूस करण्याची, आठवण कोणी देत नाहीं. आम्हांस तर तेंच अधिक धैर्याचें वाटतें.

वर्गांत 'नारायणरावाचा खून कोणी केला' असें विचारलें, तर आनंदीबाईचें नांव सर्वांआधीं येतें. तिनें 'ध' चा 'मा' केला! ही कथा ग्रांट डफनें 1826 च्या इतिहासांत नमूद केली. पण मूळ कागद इतिहाससंशोधकांच्या हातीं आलेला नाहीं. ती निर्दोष होती असें प्रतिपादन करण्याचा आमचा आग्रह नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. 'आपण धरावें एवढेंच लिहिलें होतें,' हें म्हणणें मुळांत कोणाचें? त्याच इतिहासाप्रमाणें तें राघोबादादांचें. म्हणजे आरोपीचा बचाव पुढें दंतकथा झाला, आणि दंतकथा पाठ्यपुस्तक झाली. दोष रक्ताच्या नात्यांतून सरकून परघरांतून आलेल्या बाईच्या माथीं बसला, यांत आमच्या कुटुंबसंस्थेस नवें असें कांहींच नाहीं. शिवाय 'धरावें' हेंच अक्षर खरें मानलें, तरी काय सुटतें? पगार थकलेल्या, हत्यारबंद, भाडोत्री लोकांस एका पोराच्या अंगावर घालावयाचें, आणि त्यांनीं ठरल्याहून अधिक केलें म्हणून आपण कानांवर हात ठेवावयाचे! एका अक्षराचा फरक कागदावर असेल. कर्त्याच्या मनांत तो किती होता?

चीनच्या राजवाड्यांतील एक हकीकत येथें आठवते. ह्युएनत्संग ज्याच्या कारकीर्दींत हिंदुस्थानांत आला, त्या तांग घराण्यांतील ताइत्सुंग बादशहानें 626 सालीं वाड्याच्या उत्तर दरवाजापाशीं दबा धरून आपल्या थोरल्या व धाकट्या भावांचा निकाल लावला. त्यांचे मुलगेहि मारले गेले, आणि थोड्याच महिन्यांत बापानें गादी सोडली. चौकशी करणार कोण? पुढें आपल्या कारकीर्दीची बखर त्यानें वाचावयास मागितली. त्या दिवसाची हकीकत आडपडद्यानें लिहिलेली पाहून 'सरळ लिहा' अशी त्यानें आज्ञा केली. मात्र प्राचीन काळीं चौच्या सरदारानें राज्य रक्षिण्यासाठीं भावांस शासन केलें, त्याच जातीचें हें कृत्य होय, असेंहि त्यानें सुचविलें. राजा थोर होता, यांत शंका नाहीं. पण त्याचा निकाल त्यानें स्वतःच लिहिला.

राघोबादादांस तें साधलें नाहीं, कारण पुण्यास एक मनुष्य असा होता कीं ज्यानें देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरें प्रायश्चित्त सांगण्याचें नाकारलें, आणि या धन्याच्या हाताखालीं राहणार नाहीं म्हणून वाईजवळच्या एका खेड्याची वाट धरली. कोणी म्हणतात, निकाल देऊन निघून जाणें म्हणजे अर्धेंच कर्तव्य. पण न्यायाधीशाजवळ फौज नसते. ती कारभाऱ्यांजवळ होती. बारभाईंनीं गंगाबाईस पुरंदरावर नेलें, तेथें 18 एप्रिल 1774 रोजीं सवाई माधवराव जन्मले, आणि पुढें रामशास्त्री पुन्हां न्यायासनावर आले. कारभाऱ्यांचे हेतु शुद्ध होते असें नव्हे. परंतु दादांस गुन्हेगार म्हणण्याचें तोंड त्यांस शास्त्रीबोवांच्या निकालानें दिलें, असें आम्हांस वाटतें.

शिक्षा मात्र झाली ती अशी. 1782 च्या सालबाईच्या तहानें राघोबादादांस दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक ठरली, आणि 1783 सालीं ते कोपरगांवीं वारले. आनंदीबाई त्यानंतर 1794 पर्यंत, मरेतोंवर, मुलांसह कारभाऱ्यांच्या पहाऱ्यांत होती.