ताणाचे जनुक आणि घोळत राहण्याची सवय

‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून आपण चिंतातुर माणसाचा नाद सोडतो, नाहीतर ‘सकारात्मक विचार कर’ असे सांगून मोकळे होतो. एकात सगळा भार रक्तावर, दुसऱ्यात इच्छाशक्तीवर. रक्त एकीकडे आणि विचार दुसरीकडे, ही दोघांनीही धरलेली विभागणीच मुळात चुकीची आहे.

ताण मोजणे अवघड, म्हणून संशोधक बहुधा त्यातून उद्भवणाऱ्या नैराश्याकडे पाहतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्यांच्या पाहणीवरून 2003 साली असा निष्कर्ष निघाला, की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचे आखूड रूप असलेली माणसे आयुष्यातल्या आघातांनी अधिक खचतात. निष्कर्ष गाजला, पण टिकला नाही. 2009 साली 14 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो संबंध सापडला नाही. 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीतही अशी 18 बहुचर्चित जनुके फोल ठरली. तरीही आनुवंशिकता खोटी ठरत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार तीव्र नैराश्यात ती सुमारे 37 टक्के आहे आणि शेकडो जनुकांच्या बारीकबारीक परिणामांतून ती घडते. मात्र हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाविषयी बोलतो. कुणा एकाच्या दुःखातला 37 टक्के हिस्सा आईबापांचा, असा त्याचा अर्थ लावणे म्हणजे शुद्ध घोटाळा.

मग हा वारसा माणसाला गाठतो कुठून? एक वाट विचारांच्या सवयीतून जाते. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि विचार करण्याच्या पद्धतीची नोंद केली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, तिथे लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. दुःख मनात घोळवत बसण्याची सवय आधीपासून असलेले विद्यार्थी सात आठवड्यांनंतरही अधिक निराश होते, आणि त्यांची भूकंपाआधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. प्रसंग सरला तरी विचार सरत नाही, आणि विचार चालू असेतो शरीरही सावधच राहते. तात्पुरता ताण जुनाट होतो तो असा. जुळ्यांच्या अभ्यासांत ही सवयसुद्धा अंशतः आनुवंशिक दिसते.

इथे रास्त आक्षेप येतो: विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला ‘विचार घोळवू नकोस’ म्हणणे क्रूरपणाचे नाही का? आहेच. विचार बदलून कर्ज फिटत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळाली तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण घटले, हे विसरून चालणार नाही. पण परिस्थिती बदलणे आणि सवय बदलणे यांत वैर कशासाठी? दुसरा आक्षेप असा, की वारशाने आलेले बदलणार कसे? फेनिलकीटोन्युरिया हा तर सरळ जनुकीय दोष; तरी जन्मानंतर लगेच आहार सांभाळला तर मेंदूची हानी टळते. घोळत राहणाऱ्या मनासाठीही उपचारपद्धती आहेत. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ याऐवजी ‘आता पुढची पायरी कोणती?’ असे विचारायला त्या शिकवतात, पण अनेक आठवड्यांच्या सरावाने आणि तज्ज्ञाच्या मदतीने. एका सुविचाराने हे होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. तो तालुक्याच्या रुग्णालयात बजावता येतो का, हे सरकारला विचारणे ‘सकारात्मक राहा’ म्हणण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे.