देहाची दुष्काळी स्मृती

पन्नाशी ओलांडल्यावर देहाशी पुन्हा एकदा बोलणी सुरू होतात. ती याआधीही झालेली असतात, कधी नव्या वर्षाच्या भरात, कधी रक्ततपासणीच्या कागदावरच्या एखाद्या आकड्याने दचकून. आणि दर वेळी, ऋतू पालटता पालटता, पोट आपल्या जुन्या घेरात निमूटपणे परतलेले असते. नांदेडला गोदावरीच्या घाटाकडे किंवा लातूरच्या नाना-नानी पार्कात पहाटे झपझप चालणाऱ्यांत नवखे थोडे, परतून आलेले पुष्कळ. मीही परतून आलेल्यांपैकीच. आपण ज्याला आपल्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा समजतो, त्यात आपल्याहून जुने असे कुणीतरी बोलत असावे, असे चालता चालता वाटू लागते.

आमच्या पिढीचा काळ चमत्कारिक. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, आणि आमच्यातले कुणी त्यांच्या कडेवर होते, कुणी पोटात. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी आम्ही चवीने नव्हे, ऐकून ओळखतो. पण कानांना जे गोष्टीरूपाने कळले, ते रक्तमांसाला कदाचित अधिक थेट कळलेले असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडातल्या बाळांशी ताडून पाहिली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिथले साडेतीन किलोचे. आपल्याकडे स्नायू आणि अवयव उणे, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली. पुढे २००४ मध्ये त्यांनी स्वतःला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याला शेजारी उभे करून दाखवले, की उंचीशी वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी सारखे असूनही एकाच्या देहात चरबी ९.१ टक्के असते आणि दुसऱ्याच्या, म्हणजे खुद्द याज्ञिकांच्या, २१.२ टक्के. गर्भातच टंचाईची चाहूल लागलेला जीव आधी काय वाचवतो, याचे हे उत्तर. कणगीच्या तळाशी पेरणीपुरते धान्य राखून ठेवणाऱ्या घरासारखा तो जगतो, आणि पुढे सुकाळ आला तरी राखण्याची सवय सोडत नाही.

म्हणून घटणारे वजन देहाला शुभवार्ता वाटत नाही. खाणे आवरले की तो भूक वाढवतो, खर्च आखडता घेतो, आणि आपण आरशासमोर ज्याचा अभिमान बाळगतो त्या प्रत्येक उतरलेल्या किलोची तो आपत्ती म्हणून नोंद करतो. संकल्पाने आलेली उपासमार आणि पावसाने दगा दिल्यामुळे आलेली उपासमार, यांतला भेद त्याला कसा कळावा? त्याने आपली पंचांगे पाहिलेली नाहीत; त्याला फक्त आपल्या पूर्वजांची पोटे ठाऊक आहेत.

या हट्टी स्मृतीशी जुळवून घेण्याची एक रीत लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी नेली. तिचे मूळ श्रीकांत जिचकारांच्या विचारात. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. आमच्याकडे ‘सध्या दीक्षित चालू आहे’ एवढे म्हटले की यजमानीण चहाचा आग्रह आवरते. कुणाला ती रीत मानवते, कुणाला नाही. पण सतत चरत राहण्याविरुद्धचा तिचा आक्षेप जुना आहे. आधीचे जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे आयुर्वेदाने दोषास्पद मानले, आणि वाग्भटाने तर व्यायामही थंडीत आणि वसंतात अर्ध्याच शक्तीने करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगून ठेवले. अर्धी शक्ती! विशीत हा सल्ला भित्रेपणाचा वाटला असता. मराठवाड्याच्या वैशाखात, गुडघ्यांची कुरकुर ऐकत चालताना, त्यातले शहाणपण उमगते: उरलेली अर्धी शक्ती उद्यासाठी असते.

आणि खरा प्रश्न उद्याचाच आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून आपण स्वतःला केव्हाच हसून घेतले आहे, तरीही एकादशी दर पंधरवड्याला पाळली जाते. मागची फसली म्हणून पुढची कुणी रद्द करत नाही. आषाढी गाठलेला वारकरी पुढच्या वर्षी पुन्हा निघतो, तेव्हा पहिली वारी वाया गेली असे त्याला कुणी म्हणत नाही. पुनरावृत्तीला कमीपणा न मानणारी ही जाण आपल्या संस्कृतीत मुरलेली असताना, देहाच्या बाबतीत मात्र आपल्याला एकदाच आणि कायमचे जिंकायचे असते. तारुण्य पराक्रमावर चालते, कारण त्याच्यापाशी वाया घालवायला काळ असतो. उतरत्या वयाला व्रतावाचून गत्यंतर नाही. ज्या स्मृतीने आपल्या आज्या-पणज्यांना दुष्काळातून तारले तिचा पाडाव करण्याची इच्छा मुळातच थोडी कृतघ्न आहे. तिला दररोज, न कंटाळता, सुकाळाची खात्री पटवत राहावी लागते. आपण ज्याला वारंवारचे अपयश म्हणतो, ते बहुतेक वेळा व्रताला पराक्रमाचे माप लावल्याचे फळ असते.