रेशमावरची रेघ



दुसऱ्याच्या मर्जीने, दुसऱ्याच्या पद्धतीने करावे लागलेले काम आपले म्हणावे काय? शेतमजूर असो की कारकून, हा प्रश्न कोणाला चुकत नाही. येशूसंघाचे ब्रदर जुझेप्पे कास्तिल्योने यांच्यापुढे तो ५१ वर्षे उभा होता.

मिलानचे हे चित्रकार गोव्यामार्गे १७१५ साली चीनला पोहोचले. ते गेले प्रभूच्या कार्यासाठी. बादशहाला हवा होता चित्रकार. तैलरंगात तयार झालेल्या हाताला रेशमावरचे बारीक कुंचल्याचे काम नव्याने शिकावे लागले. आपल्या जिल्ह्यात कोसा सर्वांच्या ओळखीचा आहे. चित्राचे रेशीम मात्र तुतीच्या किड्याचे, पातळ. त्यावर सरस व तुरटीच्या पाण्याचा हात देतात, नाहीतर रंग पसरतो. आधी कागदावर पूर्ण कच्चे चित्र काढायचे, ते रेशमाखाली ठेवायचे आणि वरून दिसेल तशी केसासारखी शाईची रेघ ओढायची. मग पातळ रंगांचे थरावर थर, कधी कापडाच्या मागूनही. तैलचित्रात चुकलेले रंगाखाली झाकता येते. इथे ओढलेली रेघ राहते. चेहऱ्यावरची गडद सावली दरबाराला डागासारखी वाटे, म्हणून तीही त्यांनी सोडली. १७२८ साली पूर्ण झालेले त्यांचे 'शंभर घोडे' हे सुमारे पावणेआठ मीटर लांबीचे रेशमी चित्र आज तैपेईच्या संग्रहालयात आहे.

पण १७२४ साली बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती. प्रांतोप्रांतीच्या मिशनऱ्यांना घालवून दिले. दरबारी कामाचे तेवढे ठेवून घेतले. कास्तिल्योने रंगवत राहिले. ही लाचारी नव्हे काय?

संत थॉमस अक्वायनस म्हणतात, कारागिराची पारख त्याच्या हेतूवरून नव्हे, केलेल्या वस्तूवरून होते. म्हणजे घोडा उत्तम, तर चित्रकार उत्तम. माणूस उत्तम की नाही, हा हिशेब निराळा. तो हिशेब १७३६ साली झाला. नवा बादशहा चित्र पाहायला आला असता ब्रदरांनी गुडघे टेकून श्रद्धावंतांच्या वतीने विनंतीअर्ज त्याच्या हाती दिला. आपल्याच पद्धतीचा हट्ट धरला असता, तर त्या दालनात ते राहिले असते काय? मला तसे वाटत नाही. तरी चित्रकला ही त्यांना केवळ आत शिरण्याची वाट होती, असेही मी म्हणणार नाही. आयाळीचा एकेक केस इतक्या निगुतीने कोणी तेवढ्यासाठी काढत नाही.

१७६६ साली बेजिंगमध्येच त्यांना देवाज्ञा झाली. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती.