'आमेन' म्हणताना



आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. घरात प्रार्थना कोणत्याही भाषेत होवो, ख्रिस्ती माणसाचा शेवटचा शब्द एकच असतो, 'आमेन'. मुसलमान बांधव दुआनंतर 'आमीन' म्हणतात, तोही याच कुळातला. मूळ शब्द हिब्रू. त्याच्या धातूचा अर्थ पक्के असणे, भार टाकता येईल असे असणे. ख्रिस्तसभेने त्याचे भाषांतर न करता तो जसाच्या तसा जपला.

मुलांनी अर्थ विचारला की आपण पटकन 'तथास्तु' सांगून मोकळे होतो. पण तथास्तु म्हणतो तो वर देणारा. आमेन म्हणतो तो ऐकणारा, आणि ऐकलेले स्वतःवर लागू करून घेणारा. अनुवादाच्या 27 व्या अध्यायात लेवी एकेक शाप मोठ्याने उच्चारतात आणि सर्व लोक प्रत्येक वेळी आमेन म्हणतात, असे बारा वेळा. त्यातला एक शाप शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सरकवणाऱ्यावर आहे. बांध कोरणारा माणूसही त्या गर्दीत उभा असेलच. त्याचेही आमेन त्यात होते! म्हणजे हा शब्द कागदाखाली केलेल्या सहीसारखा आहे, आणि आपण मात्र तो प्रार्थना संपल्याची घंटा म्हणून वापरतो.

प्रभू येशूने तर हा शब्द बोलण्याच्या आरंभी ठेवला. मराठी बायबलात प्रभू 'खचित' म्हणतो, तिथे मुळात आमेनच आहे.

इ.स. 155 च्या सुमारास संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की उपकारस्तुतीच्या शेवटी सगळी मंडळी आमेन म्हणून संमती देत. संत जेरोम सांगतात की रोमच्या मंदिरांत तो मेघगर्जनेसारखा घुमे. आपला आमेन मात्र बहुधा पंख्याच्या आवाजात बुडतो. असो.

मिस्सामधली एक गोष्ट लक्षात आली आहे का? 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना घरी आपण आमेनने संपवतो, मिस्सात तसे करत नाही. कित्येकांच्या तोंडून सवयीने निसटते, ते वेगळे. धर्मगुरू पुढे प्रार्थना करत जातात आणि आपला आमेन येतो तो शांतीसाठी केलेल्या प्रार्थनेनंतर, एकमेकांना शांती देण्याच्या अगदी आधी. उपासनेच्या नियमात याचे असे कारण दिलेले नाही, पण आम्हांला वाटते, हा उशीर बरा आहे. आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा करतो असे म्हणून झालेले असते आणि सही अजून बाकी असते.

मग आपण हात जोडून डावीउजवीकडे वळतो. गावाकडच्या बांधावरून ज्या भावाशी आपले बोलणे बंद आहे तो दोन बाके मागे असतो. तिकडे मान वळत नाही.

थोड्याच वेळात आपण रांगेत पुढे जातो. धर्मगुरू म्हणतात, 'ख्रिस्ताचे शरीर.' संत ऑगस्टीन नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवत की ते शरीर म्हणजे तुम्हीही आहात, आमेन म्हणता ते त्यालाही. दोन बाके मागचा तो भाऊ त्याच शरीरात आहे, आणि त्याच रांगेत आपल्यामागे उभा आहे.